बाप हसून राह्यला की रडून? नवख्या चित्रकाराच्या कॉमिक्सवर मत कसं द्यायचं

नववीतल्या एका पोरानं चार चौकटींचं कॉमिक काढून आणलं होतं. गोष्ट साधी. घरी बैलजोडी आहे, त्यातला एक बैल विकायचं ठरतं, बाप त्याला बाजारात घेऊन जातो आणि संध्याकाळी एकटाच परत येतो. मी पान पाहिलं आणि म्हणालो, "छान काढलंस." पोरगा जागचा हलला नाही. शेवटच्या चौकटीवर बोट ठेवून त्यानं विचारलं, "सर, इथं बाप काय करून राह्यला?"

"हसतोय ना, पैसे मिळाले म्हणून," मी म्हणालो.

तो हळूच म्हणाला, "रडून राह्यला जी."

माझ्या 'छान'चा त्याला काडीचाही उपयोग नव्हता. चूक कुठंतरी आहे हे त्याला आधीच कळत होतं, कुठं आहे हे मात्र दिसत नव्हतं. कारण काढणाऱ्याला बाप रडतोय हे ठाऊकच असतं, त्यामुळं कागदावर तो कसाही उतरला तरी त्याला तो रडतानाच दिसतो. ते पान कोऱ्या डोळ्यांनी पाहणारा माणूस त्याला हवा होता.

आपल्याकडे शाळेच्या हस्तलिखितासाठी, वाचनालयाच्या भित्तीपत्रकासाठी नाहीतर नुसती हौस म्हणून वहीच्या मागच्या पानांवर पोरं-पोरी कॉमिक्स काढतात. मत विचारायला मात्र गावात माणसं मोजकी. शाळेतले सर किंवा मॅडम, वाचनालयात बसणारी ताई, किंवा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'ए' ग्रेड मिळवलेला चुलतभाऊ. हा लेख त्यांच्यासाठी आहे. तुम्हाला स्वतःला कॉमिक काढता आलं पाहिजे असं अजिबात नाही. तुम्ही त्या पानाचे पहिले वाचक आहात. तुमच्यापर्यंत काय पोचलं आणि तुम्ही कुठं अडखळलात, एवढं नेमकं सांगता आलं तरी काढणाऱ्याचं निम्मं काम होतं.

पान हातात आल्यावर

आधी गप्प बसा. आणि त्यालाही गप्प बसायला सांगा. पान देतानाच पोरं सांगायला लागतात, "सर, हा म्हणजे बाप आहे, आणि हा इकडून आला, अन् मग..." हे ऐकलंत की तुमचे डोळे कोरे राहिले नाहीत. प्रेमानं थांबवा: "थांब बापू, आधी मले वाचू दे."

पहिल्यांदा पान नेहमीच्या वेगानं वाचा, वर्तमानपत्रातलं वाचतो तसं. चार चौकटींना दहा-पंधरा सेकंद पुरतात. डोळा कुठं थांबला, कुठं मागं वळावं लागलं, तेवढं मनात धरून ठेवा. हातात पेन नको. मूळ पानावर खूण तर मुळीच करायची नाही.

दुसऱ्यांदा संवादाच्या फुग्यांवर कागदाचे कपटे ठेवा, म्हणजे शब्द झाकले जातील, आणि नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळते का पाहा. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना शब्दांवाचून किती सांगता येतं हे ठाऊक आहे. नवख्याकडून तेवढी अपेक्षा नको. पण कोण कुठं आहे आणि काय करतोय, एवढं तरी कळायला हवं. फुग्यात "मी आता निघतो" असं लिहिलं आहे म्हणूनच माणूस निघाल्याचं कळत असेल, तर चित्रानं आपलं काम केलेलं नाही.

तिसऱ्यांदा पान हाताच्या अंतरावर धरा आणि डोळे किलकिले करा. बारीक रेषा पुसट होतात, काळे आणि पांढरे ढीग तेवढे उरतात. पानावर सगळ्यात आधी काय डोळ्यात भरतं? ते गोष्टीतलं महत्त्वाचं माणूस आहे, की कोपऱ्यातलं काळंभोर झाड?

एवढं झालं की तुम्ही वाचलेली गोष्ट त्याला परत सांगा. मत नको, नुसती गोष्ट: "मले असं दिसलं, की एक माणूस बैलाला घेऊन निघाला. बाजारात पोचला. मग तो अजून पुढं कुठंतरी चालला आहे. आणि शेवटी हसतो आहे." सांगताना पोराचा चेहरा बघा. चुका कुठं आहेत ते तुम्ही न सांगता त्याच्या लक्षात यायला लागतं. सगळ्या मार्गदर्शनात मला ही एकच पायरी निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

आता त्याला बोलू द्या. दोन गोष्टी विचारा. कोणती चौकट तुला स्वतःला आवडली, आणि कोणती काढताना जीव मेटाकुटीला आला? हे पान पुढं कुठं जाणार आहे, झेरॉक्स होणार आहे, भिंतीवर लागणार आहे की वहीतच राहणार आहे? भिंतीवरचं पान चार हातांवरून वाचलं जातं, वहीतलं एका वितीवरून. एकाला लागू पडणारा सल्ला दुसऱ्याला पडत नाही.

शैली कोणती आणि चूक कोणती

इथं बरीच मोठी माणसं घसरतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांनी आपल्याला स्थिरचित्र आणि स्मरणचित्र तपासायची सवय लावली आहे. प्रमाण बरोबर, गुण पूर्ण. ती मोजपट्टी घेऊन कॉमिककडे गेलं की डोकं मोठं दिसतं, नाक भोपळ्यासारखं दिसतं, आणि आपण म्हणतो, "असं माणूस असते काय?"

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आठवा. चार सरळ पाय, खाली चाकं, दोन शिंगं, पाठीवर रंगाचा पट्टा. खऱ्या बैलाशी मोजायला गेलं तर एक माप जुळत नाही. तरी दोन वर्षांचं लेकरू त्याला बैलच म्हणतं आणि दोरीनं ओढत मिरवतं. कॉमिकमधला माणूस असाच असतो. खरा प्रौढ माणूस उंचीला साधारण साडेसात डोकी भरतो, कॉमिकमधला तीन डोक्यांचा असला तरी चालतो.

चालत नाही ते वेगळंच. पहिल्या चौकटीत तीन डोक्यांचा असलेला बाप तिसऱ्या चौकटीत पाच डोक्यांचा झाला, किंवा मिशी होती ती गेली, किंवा टोपीची जागा फेट्यानं घेतली, तर वाचकाला वाटतं हा दुसराच कोणी आला. वाचक गोष्टीतून बाहेर पडला की ती चूक. त्याला गोष्टीत ठेवून चित्रकारानं काहीही वाकडंतिकडं केलं असेल तर ती त्याची शैली, तिला हात लावू नका.

यावरचा उपाय पोरांना आवडतो. वेगळ्या कागदावर दोन आडव्या रेघा मारायच्या, एक पायांची, एक डोक्याची. त्या दोन रेघांमध्ये बाप समोरून, बाजूनं आणि पाठीमागून काढायचा. शेजारी बैल. त्याशेजारी पोरगा, म्हणजे कोण कोणाच्या कुठवर येतो ते ठरतं. हा कागद समोर टाचून ठेवला की चौथ्या चौकटीतही बाप बापच राहतो.

डोळा पानावर कसा चालतो

नवख्याच्या पानात हात, पाय, चेहरा यांच्या चुका लगेच दिसतात, म्हणून सगळे त्यावरच बोलतात. माझ्या अनुभवात वाचक सगळ्यात जास्त अडतो तो दिशेवर. आणि ती चूक सहसा कोणी दाखवून देत नाही.

मराठी वाचणारा डोळा डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली जातो. त्यामुळं पानावर डावीकडून उजवीकडे चाललेला माणूस 'पुढं चालला' असं वाटतं, आणि उलट चाललेला 'परत आला' असं. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चौकटीत बाप बैलाला घेऊन उजवीकडे निघाला होता. तिसऱ्या चौकटीत तो घरी परत येत होता, पण तोंड पुन्हा उजवीकडेच. म्हणून मला वाटलं तो बाजारातून अजून पुढं चालला आहे. चित्र चांगलं होतं, दिशा उलटी होती. तिसऱ्या चौकटीतला बाप फक्त डावीकडे वळवला आणि कोणत्याही शब्दाशिवाय तो घरी आला.

दोन माणसं बोलत असतील तर कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे हे एकदा ठरलं की एकाएकी पालटायचं नाही. बाजाराच्या चौकटीत बाप डावीकडे, व्यापारी उजवीकडे. पुढच्याच चौकटीत चित्रकार पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला, तर बाप उजवीकडे जातो आणि भाव कोण पाडतोय तेच कळेनासं होतं. बदलायचंच असेल तर मध्ये एखादी चौकट फक्त बैलाची, किंवा भाव ठरवायला रुमालाखाली धरलेल्या फक्त हातांची टाकावी. तेवढ्यात डोळा नव्या जागेला रुळतो.

फुग्यांचंही तसंच. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे किंवा वरच्या अंगाला. आधी बोलणारा माणूस उजवीकडे उभा असेल तर त्याचा फुगा वर चढवायचा आणि उत्तराचा खाली उतरवायचा. फुग्याची शेपूट बोलणाऱ्याच्या तोंडाकडे गेली पाहिजे. ती पोटाकडे नाहीतर खांद्याकडे गेली की क्षणभर वाटतं मागचा कोणीतरी बोलला. आणि दोन शेपट्या एकमेकींना ओलांडत असतील तर माणसांच्या जागाच बदलायला सांगा, फुगे हलवून ते सुधारत नाही.

चौकटींमधल्या मोकळ्या पट्ट्यांकडेही पाहा. शेजारच्या दोन चौकटींमधली पट्टी रुंद आणि वरच्या-खालच्या चौकटींमधली अरुंद झाली, तर डोळा आडवा जायच्या ऐवजी खाली घसरतो आणि दुसरी सोडून तिसरीच वाचतो. ओळीओळींमधली पट्टी जरा जास्त ठेवली की प्रश्न मिटतो.

आणखी एक बारीक गोष्ट, पण एकदा दिसायला लागली की ती सगळीकडे दिसते. दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकणं. बैलाच्या शिंगाचं टोक नेमकं चौकटीच्या रेघेला टेकलं आहे. मागच्या कडुनिंबाची फांदी बापाच्या डोक्याच्या कडेवरून निघते आहे, म्हणजे बापालाच फांदी फुटल्यासारखी. खुंट्याची रेघ आणि बैलाच्या पायाची रेघ एकच झाली आहे. असं झालं की पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं ते डोळ्याला उमगत नाही. सांगायचं एवढंच: एकतर स्पष्ट झाकू दे, नाहीतर स्पष्ट लांब ने.

माणूस, जनावर आणि चेहरा

पूर्व विदर्भातल्या वडसा-देसाईगंजकडची झाडीपट्टीची नाटकं पाहिली असतील तर आठवून बघा. रात्रभर चालणारं नाटक, समोर गच्च भरलेला मंडप, आणि पार शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाच्या डोळ्यातलं पाणी दिसत नाही. त्याला दिसतात खांदे, वाकलेली मान, वर गेलेला हात. तरी तो रडतो. कॉमिकची चौकटही एवढीशी असते, तिच्यात चेहरा चण्याएवढा. भाव आधी अंगात दिसायला हवा, मग चेहऱ्यावर.

हे तपासायची सोपी रीत आहे. चौकटीवर पातळ कागद ठेवा, खिडकीच्या काचेला लावा, माणसाची फक्त बाहेरची कड गिरवून आतला भाग काळा भरा. नुसत्या सावलीवरून तो काय करतोय हे कळतं का? त्या पोराच्या शेवटच्या चौकटीची सावली काढली तेव्हा एक ताठ उभा माणूस दिसला, हात बाजूला सोडलेले. त्यात दुःख कुठंच नव्हतं. सगळं दुःख त्यानं चेहऱ्यावर टाकलं होतं, आणि चेहऱ्यावर काढलं होतं उघडं तोंड आणि मिटलेले डोळे.

आता उघडं तोंड आणि मिटलेले डोळे हसण्यातही असतात आणि रडण्यातही. फरक भुवयांत आहे. रडताना भुवयांची नाकाजवळची टोकं वर चढतात आणि ओठांचे कोपरे खाली ओढले जातात. हसताना कोपरे वर जातात, गाल फुगून डोळ्यांखाली येतात. हे पुस्तकातून सांगण्यापेक्षा हातात आरसा द्या आणि दोन्ही तोंडं करून बघायला सांगा. पाच मिनिटांत येतं.

जनावरांच्या बाबतीत मात्र सांभाळून बोला. खेड्यातल्या पोराला बैल तुमच्यापेक्षा जास्त माहीत असण्याची शक्यता आहे. माहीत असूनही त्याला तो काढता येत नाही, कारण रोज दिसणारी गोष्ट आपण नीट पाहत नाही. म्हणून "बैल चुकला" असं म्हणू नका, विचारा. कान शिंगाच्या कोणत्या बाजूला असतो? जू वशिंडाच्या पुढं बसतं की मागं? मागचा पाय कुठं वाकतो? उत्तर तोंडावर येत नसेल तर उद्या सकाळी गोठ्यात पाच मिनिटं उभं राहायला सांगा, वही घेऊन. कान शिंगांच्या खाली आणि जरा मागच्या अंगाला निघतो. जू वशिंडाच्या पुढं, मानेवर टेकतं. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकल्यासारखा वाटतो ती खरं म्हणजे टाच आहे, गुडघा वर पोटाजवळ असतो. हे एकदा गोठ्यात दिसलं की पोरगा पुढं कधी टेबलाच्या पायांसारखे पाय काढत नाही.

हातांबद्दल फार बोलायची गरज नाही. सगळेच नवखे हात खिशात, पाठीमागं नाहीतर गवतात लपवतात. पानावर एकही हात उघडा दिसत नसेल तर तेवढं लक्षात आणून द्या, आणि पुढच्या पानात एक तरी हात काहीतरी धरलेला काढायला सांगा. विळा, दोर, चहाचा कप, काहीही.

अक्षरंही चित्रच आहेत

कॉमिकच्या फुग्यातली अक्षरं काढणाऱ्यानं हातानंच लिहिलेली असतात, त्यामुळं ती चित्राचा भाग म्हणून तपासायची. देवनागरीचा एक खास त्रास आहे. अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजी कॉमिक्स बघून पोरं फुगे काढतात, तिथं सगळी मोठी अक्षरं एका उंचीत बसतात, ओळी एकमेकींना खेटून चालतात. मराठीत तसं केलं की वरच्या ओळीतला 'तू'चा उकार खालच्या ओळीतल्या 'की'च्या वेलांटीत अडकतो. दोन ओळींमध्ये अक्षराच्या उंचीएवढी मोकळी जागा ठेवायला सांगा. मग जागा कमी पडते, आणि जागा कमी पडली की वाक्य छोटं करावं लागतं, हा फायदाच.

सगळ्यात उपयोगी सल्ला असा: आधी अक्षरं लिही, मग त्याभोवती फुगा काढ. नवखा आधी फुगा काढतो आणि मग शब्द कोंबतो. "विकून राह्यलो" मधला 'लो' भिंतीला चेपून बारीक होतो, किंवा शब्द तुटून खाली येतो. शिरोरेघेसाठी पेन्सिलीनं फिकट आडव्या रेघा आखून घ्यायच्या, शाई सुकल्यावर खोडायच्या. अक्षरं वर-खाली हलली की आवाज हलल्यासारखा वाटतो. ओरडायचं असेल तर अक्षर जाड आणि मोठं, पुटपुटायचं असेल तर मोठ्या फुग्यात बारीक अक्षर. हे त्याला एका चौकटीत करून बघू दे.

आणि भाषेला हात लावू नका. पात्र वऱ्हाडीत बोलत असेल, "मले काय मालूम" म्हणत असेल, तर तिथं "मला काय माहीत" अशी लाल दुरुस्ती करू नका. मी स्वतः हे सुरुवातीला करत होतो, आणि पुढच्या पानावर ती पोरं पाठ्यपुस्तकातलं बोलायला लागायची, बापही आणि व्यापारीही एकाच आवाजात. फक्त एवढं पाहा, की एका ठिकाणी 'राह्यला' आणि दुसऱ्या ठिकाणी 'राहिला' असं एकाच माणसाच्या तोंडी येत नाही ना.

काळं, पांढरं आणि झेरॉक्स

आपल्याकडची बहुतेक कॉमिक्स शेवटी तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. पेन्सिलीची मऊ छटा तिथं मरते, एकतर उडून जाते किंवा डाग होऊन येते. करडा रंग हवा असेल तर काळ्या पेनानं रेघा किंवा ठिपके. पान ए-थ्री कागदावर काढून ए-फोरवर लहान केलं तर सगळं 71 टक्के होतं. म्हणजे 7 मिलिमीटर उंचीचं अक्षर 5 मिलिमीटरचं उरतं, आणि जवळजवळ मारलेल्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून काळा ठिपका होतो. शेवटचं मत देण्याआधी शक्य असेल तर एक झेरॉक्स काढून त्यावरच बोला. मोबाइलवर फोटो पाठवला असेल तर सावलीत, दिवसाच्या उजेडात, मोबाइल कागदाला समांतर धरून काढलेला मागवा. तिरक्या फोटोत चौकटी वाकड्या दिसतात आणि आपण उगाच त्यावरून बोलतो.

काळा रंग वापरायला नवखे घाबरतात. सगळं पान रेघारेघांचं, एकही भाग गच्च काळा नाही. एका आठवीतल्या पोरीनं कापूस वेचणीचं पान काढलं होतं. आई आणि मावशी, कंबरेला ओटी बांधलेली, भोवती पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं. पण कापूस दिसतच नव्हता. पांढऱ्या कागदावर पांढरं बोंड, भोवती बारीक रेघेची पानं. मी तिला कापसावर काहीच करू नकोस म्हणालो, मागची पानं काळी भर म्हणालो. तिनं तासभर बसून भरली. बोंडं अशी फुटली की बघत राहावं. पांढरं दाखवायचं असेल तर त्याच्या शेजारी काळं हवं. आपला कापूस हे शिकवायला फार चांगला आहे.

पार्श्वभूमीबद्दल एकच प्रश्न पुरतो: "हे घर कोणाच्या गावचं आहे?" दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, नारळाचं झाड आणि उतरत्या छपराची झोपडी, हे चित्र पोरांच्या हाताला आपोआप येतं. यवतमाळच्या नाहीतर वाशीमच्या खेड्यात नारळ कुठं आहे? कवेलूचं छप्पर, टिनाचा पत्रा, ओसरीतली खाट, हापशीभोवतीचा चिखल, हे त्यानं रोज पाहिलेलं आहे. ते काढायला सांगा. आणि उन्हाची वेळ विचारा. मे महिन्यातल्या भर दुपारी माणसाची सावली पायाशी गोळा होते. ती लांबच लांब काढली असेल तर गोष्ट दुपारची राहत नाही.

आता बोलायचं कसं

एवढं सगळं दिसलं तरी एका बैठकीत तीनपेक्षा जास्त गोष्टी सांगू नका. पंधरा चुका दाखवल्या की पोरगा घरी जाऊन पान फाडतो. निवडायचा क्रम मी असा ठेवतो: आधी गोष्ट कळण्यात काय आडवं येतं ते, म्हणजे दिशा, क्रम, फुगे. मग पात्र ओळखू येतं का. मग अंगाची ठेवण आणि चेहरा. शाई, रेघेची सफाई, सावल्या सगळ्यात शेवटी. गोष्ट उलटी वाचली जात असताना रेघेच्या सफाईवर बोलणं म्हणजे भिंत पडत असताना तिला चुना लावणं.

सुरुवात चांगल्यानं करा, पण ते चांगलं खरं असलं पाहिजे आणि नेमकं असलं पाहिजे. 'छान', 'मस्त', 'एक नंबर' यातून त्याला काही मिळत नाही. "दुसऱ्या चौकटीत व्यापाऱ्यानं बैलाचे दात बघायला तोंड उघडलं आहे, त्यावरून मला लगेच कळलं हा सौदा चालला आहे" असं म्हटलंत तर तो पुढच्या वेळीही असा बारकावा शोधेल. जे बरोबर आहे ते का बरोबर आहे हे सांगणंही तेवढंच गरजेचं. नाहीतर तो सुधारताना तेच खोडून टाकतो.

अडचण सांगताना आपल्यापासून सुरू करा. "तुझी चौकट चुकली" याऐवजी "इथं मी अडलो, मला वाटलं तो अजून पुढं चालला आहे." मग त्याला विचारा, "तुला काय दाखवायचं होतं?" तो सांगेल. मग "ते दाखवायला आणखी काय करता येईल?" बऱ्याचदा तुमच्या मनात असलेल्या उपायापेक्षा त्याचा उपाय चांगला निघतो. तो अगदीच अडला तर दोन पर्याय द्या, एक नाही. एकच दिला तर तो हुकूम होतो, विशेषतः तुम्ही शिक्षक असाल तर. गावात 'सरांनी सांगितलं' म्हटलं की पोरं स्वतःचं डोकं बाजूला ठेवतात.

करून दाखवायचं असेल तर वेगळ्या कागदावर, काडीपेटीएवढ्या लहान चौकटीत, काडीमाणसं काढून दाखवा. त्याच्या पानावर, त्याच्या रेघेवर तुमची रेघ नको. तुमचा हात सफाईदार असला तर जास्तच नको. त्या पानावर एकदा मोठ्या माणसाची रेघ आली की ते त्याचं राहत नाही.

चारचौघांत बोलू नका. वर्गासमोर, ओसरीवर पाहुण्यांसमोर, वाचनालयात सगळे ऐकत असताना तर नाहीच. पोरी बऱ्याचदा वही उघडतच नाहीत, कोणी हसलं की कायमची मिटतात. घरचं कोणी शेजारी असेल आणि "ह्यानं काय पोट भरते?" असं म्हणालं, तर वाद घालत बसू नका. त्यांनाच पान दाखवून विचारा, "आबाजी, हा बैल बराबर जुंपला हाये का?" मी पाहिलं आहे, असा प्रश्न विचारला की म्हातारी माणसं चष्मा लावून पानावर वाकतात आणि शिवळ, म्हणजे जुवातली खुंटी, कुठं असते ते दाखवून देतात.

पान दुसऱ्या कुणाची नक्कल असेल, टीव्हीवरच्या नायकाचं असेल, तरी हिणवू नका. नकलेतूनच हात बसतो. फक्त म्हणा, यात एक माणूस तुझ्या गल्लीतला टाक. आणि तो तुमचं ऐकणार नसेल तर ऐकू नये. "मले फांदी तशीच ठेवायची हाये" म्हणाला, तर ठेवू द्या. ते पान त्याचं आहे. वाचकाला काय दिसतं ते तुम्ही सांगितलं, तुमचं काम झालं.

दुसऱ्या फेरीसाठी जुनं पान जपून ठेवायला सांगा. नवं आलं की दोन्ही शेजारी ठेवून वाचा, म्हणजे काय बदललं हे त्यालाच दिसतं, आणि काही बिघडलं असेल तर तेही. सुधारताना रेघ कडक होते, पहिल्या पानातला जिवंतपणा जातो, असं अनेकदा होतं. तसं झालं असेल तर स्पष्ट सांगा: पहिल्या पानातला बैल जास्त चांगला होता, तोच घे.

तो नववीतला पोरगा आठ दिवसांनी पुन्हा आला. भुवया त्यानं सुधारल्याच नव्हत्या. चेहराच काढला नव्हता. शेवटच्या चौकटीत बाप पाठमोरा होता, खांदे पडलेले, हातातली पिशवी जमिनीला टेकलेली. समोर दोन खुंटे. एकाला जोडीतला उरलेला बैल बांधलेला, मान वळवून दुसऱ्या खुंट्याकडे बघणारा. दुसरा खुंटा रिकामा, आणि त्याच्यामागचा सगळा गोठा काळा भरलेला. फुगा नव्हता.

मी वाचलेली गोष्ट त्याला परत सांगितली. या वेळी त्यानं मला कुठंही थांबवलं नाही. मग मी त्याला दोनच गोष्टी दाखवल्या: दुसऱ्या चौकटीत व्यापाऱ्याच्या फुग्याची शेपूट बैलाच्या तोंडाकडे जाते आहे, आणि 'पंचवीस हजार'चा अनुस्वार चौकटीच्या रेघेला चिकटला आहे. त्यानं तिथंच कंपासपेटीतून ब्लेड काढलं आणि शेपटीची शाई हलक्या हातानं खरवडायला बसला.